मोडीतल्या चांदीची अंगठी

नांदेडच्या जुन्या गावातील सराफ्यात, किंवा लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी ज्या रस्त्यावर सोन्याचांदीची दुकाने आहेत तेथे, सुगीनंतरच्या एखाद्या सकाळी घटकाभर उभे राहिले, म्हणजे एक दृश्य हमखास दिसते. खेड्यातून आलेली एखादी प्रौढ स्त्री पदराची गाठ सोडून तुटके जोडवे, बाळाचे चेपलेले वाळे, कडी निघालेल्या साखळीचे दोन तुकडे आणि सासूच्या पायातील एकटाच उरलेला तोडा काट्यावर ठेवते; दुकानदार वजनातून घट आणि बट्टा वजा करून भाव सांगतो; आणि तीन पिढ्यांच्या अंगावर वावरलेली ती चांदी चार नोटांच्या रूपाने तिच्या पिशवीत परत जाते. या व्यवहारात गैर असे काही नाही, कारण अडीअडचणीला उपयोगी पडावी म्हणूनच आपल्या लोकांनी चांदी घरात ठेवली. परंतु ज्याच्या हाताला कारागिरीची ओढ आहे आणि अंगी सबुरी आहे, त्याने त्या मोडीतली तोळाभर चांदी बाजूला काढून तिची एक अंगठी स्वतः घडवून पाहावी, एवढ्याचसाठी हा लेख लिहीत आहे. हे काम फार अवघड नाही, मात्र त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी पारख, मग नोंद, आणि त्यानंतरच अग्नी.

म्हणून प्रारंभी एक साधी वही घ्यावी, आणि मोडीतला प्रत्येक जिन्नस वेगळा तोलून तो काय आहे, कोणाच्या अंगावरचा आहे आणि वजनाला किती भरतो, याची तपशीलवार नोंद करावी. जुन्या कारागिरांची गणती तोळा, मासा आणि गुंज यांची असे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळा म्हणजे आजचे ११.६६ ग्रॅम. आता ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखविणारा लहान विजेरी काटा सहज मिळतो, तोच वापरावा. नोंद करतानाच आणखी एक निवड करावी. ज्याची घडण अखंड आहे, जो पुन्हा दुरुस्त होऊन अंगावर चढू शकतो, असा दागिना मुशीत टाकू नये. किनवट-माहूरकडील तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या अंगावर जी जुनी भारदस्त चांदी असते, तिची घडण पुन्हा तशी होणे कठीण आहे. मोड म्हणजे जे खरोखर मोडले आहे तेच.

आपल्या भागातील जुन्या चांदीची पारख करताना इतिहासाचे थोडे भान ठेवणे आवश्यक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानचे स्वतःचे नाणे, ज्याला लोक हाली सिक्का म्हणत, ते इंग्रजी अमलातील कळदार रुपयाच्या जोडीने ओळखले जाई. चारमिनारची आकृती असलेल्या हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी शेकडा ८१.८, कळदार रुपया बरोबर तोळाभर, आणि १९४० पूर्वीच्या नाण्यात चांदी शेकडा ९१.६७. महायुद्धाच्या काळात हे प्रमाण निम्म्यावर आले, आणि १९४७ साली निघालेला रुपया तर निव्वळ निकेलचा होता. खेड्यातले सोनार दागिना घडविताना गिऱ्हाइकाने आणून दिलेले रुपयेच पुष्कळदा आटवीत. त्यामुळे एकाच घरातल्या दोन तोड्यांपैकी एक हाली कसाचा आणि दुसरा कळदार कसाचा निघाला, तर त्यात नवल मानू नये. यावरून कोणी घरातले जुने रुपये आटवू लागेल, तर त्याला मात्र माझी कळकळीची विनंती आहे की, तसे करू नये. त्या नाण्याचे मोल त्यातल्या धातूहून निराळे आहे. आणि वाड्याची भिंत पाडताना किंवा शेत नांगरताना नाण्यांचा हंडा हाती लागला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये त्याची वर्दी जिल्हाधिकारी कचेरीत देणे बंधनकारक आहे.

आता प्रत्यक्ष पारख. सर्वप्रथम चुंबक फिरवून लोखंडी खिळे, तारा व स्प्रिंगा वेगळ्या कराव्या. पोकळ तोडे आणि वाळे यांच्या पोटात लाख किंवा राळ भरलेली असते. ती आधी काढली नाही तर मुशीत पेट घेते. रंगाने चांदीसारखाच दिसणारा जर्मन सिल्व्हर हा धातू तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदीचा अंशही नसतो. आणि मुलामा दिलेले तांबे तर डोळ्यांना हटकून फसवते. म्हणून कानशीने एखाद्या आडजागी खोलवर खाच पाडून आतला रंग पाहावा. तांबूस किंवा पिवळसर दिसला की तो जिन्नस बाजूला ठेवावा. भरीव जिनसासाठी पाण्याची कसोटी उत्तम आहे: जिन्नस आधी कोरडा तोलावा, मग दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोलावा, आणि दोन्ही वजनांतील तफावत काढावी. चांदी पाण्याहून सुमारे साडेदहा पट जड असल्याने ४२ ग्रॅमच्या जिनसाची तफावत ४ ग्रॅमच्या आसपास येते, जर्मन सिल्व्हरची पावणेपाच ते पाच ग्रॅम येते. कसोटीचा दगड आणि शोऱ्याचे तेजाब यांची परीक्षा सराफाकडूनच करवून घ्यावी. सवय नसलेल्या हाताने तेजाब हाताळू नये.

दोन जिनसांविषयी विशेष सावधगिरी हवी. ज्या दागिन्याला पूर्वी कोणी शिशाचा डाख दिला असेल, त्याचा तेवढा भाग कापून टाकावा, कारण शिशाचा अल्प अंशही चांदीला ठिसूळ करतो आणि मग हातोडीखाली पट्टीला चिरा पडत जातात. दुसरा जिन्नस जुन्या जरीचा. पूर्वीच्या खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असे. पदर संपूर्ण जीर्ण झालेला असेल तरच तो उघड्या जागी जाळून राखेतली तार घ्यावी. आजच्या बहुतेक जरीत तांबे किंवा प्लास्टिकच असते, आणि ती जाळल्याने विषारी धुराखेरीज काही हाती येत नाही. अनोळखी माणसाकडून स्वस्तात मिळालेली मोड घेऊ नये, घेतल्यास पावती घ्यावी. चोरीचा माल बाळगणे हा गुन्हा आहे.

इतके करूनही मनात शंका राहिली, तर पहिली आटणी स्वतः न करता गलाईवाल्याकडून करवून घ्यावी. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त टापूतील माणसे पोटासाठी घराबाहेर पडली आणि सोनेचांदी आटवून शुद्ध करण्याच्या कसबावर देशभरच्या सराफ्यांत जाऊन बसली. दूरदूरच्या शहरांतही गलाईच्या दुकानात मराठी बोल ऐकू येतात, ते याच माणसांचे. असा जाणता माणूस मोड आटवून, तिचा टंच काढून, म्हणजे शेकडा किती चांदी आहे हे तपासून, लहानशी लगड हाती देतो. तो आकडा वहीत लिहावा. शुद्ध चांदी अंगठीला फार मऊ पडते, म्हणून १० ग्रॅम शुद्ध चांदीत ०.८ ग्रॅम स्वच्छ तांबे मिसळले, की जगभर रूढ असलेला ९२५ चा कस मिळतो. हाली कसाची मोड असल्यास तिच्यात काही मिसळू नये. तिची अंगठी जरा कमी पांढरी, पण कणखर होते.

कामाची जागा हवेशीर असावी, परंतु तेथे ऊन थेट पडत नसावे, कारण धातूच्या तापाचा रंग ओळखणे हाच या कामाचा प्राण आहे आणि तो रंग भर उन्हात दिसत नाही. आपल्याकडील वैशाखातील दुपार टाळून पहाटेची वेळ साधावी. अंगावर सुती कपडे, पायात चामडी बूट आणि डोळ्यांवर चष्मा असावा; पदर, ओढणी, मोकळे केस आवरलेले असावेत; जवळ कोरड्या वाळूची बादली असावी आणि मुले दूर असावीत. साहित्य थोडेच लागते: मातीची किंवा ग्राफाइटची लहान मूस, लांब दांड्याची सांडशी, गॅसची झोतबत्ती, ओतण्याचा लोखंडी साचा, ऐरण, हातोडी, लाकडी मोगरी, कानशी, निमुळती लोखंडी कांब, आणि सवागी, म्हणजेच टाकणखार. पूर्वीचा सोनार हे सारे कोळशाची शेगडी आणि फुंकणी यांवर साधत असे. नवशिक्याला झोतबत्तीच सोयीची.

पहिल्यांदा तोळाभर चांदी घ्यावी. त्याहून कमी घेतल्यास ती ओतताना वाटेतच थिजते. नव्या मुशीला आतून टाकणखार चोळून ती लाल होईपर्यंत तापवावी, म्हणजे आत काचेसारखा लेप बसतो आणि चांदी मुशीला चिकटत नाही. मग मोडीचे लहान तुकडे त्यात ठेवून वर चिमूटभर टाकणखार टाकावा आणि ज्योत मऊ, किंचित पिवळसर राखावी. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबेमिश्रित चांदी त्याहून अगोदर. आधी तुकड्यांच्या कडा गोलावतात, मग ते एकमेकांत कोसळतात, आणि अखेरीस सगळ्यांचा मिळून एक थेंब होऊन तो मुशीच्या तळाशी पाऱ्यासारखा डोलू लागतो. त्यावरची मळी टाकणखाराबरोबर कडेला सरते आणि मध्ये लखलखीत आरसा उघडा पडतो. हा आरसा दिसला की आणखी ताप देऊ नये. वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीस पट प्राणवायू हवेतून शोषून घेते आणि थिजताना तो बाहेर टाकते. फाजील तापलेली चांदी त्यामुळे उसळते आणि तिच्या पोटात सूक्ष्म छिद्रे राहतात. मुशीत कोळशाचा खडा ठेवल्याने हा दोष पुष्कळ कमी होतो.

साचा आधी तेलाचा हात फिरवून चांगला तापवून ठेवलेला असावा. माझ्या पहिल्याच ओतणीच्या वेळी आदल्या रात्रीच्या पावसाने साच्यात ओल राहिली होती, ती मी पाहिली नाही. चांदीचा स्पर्श होताच त्या ओलीची वाफ झाली आणि तप्त थेंब मनगटापर्यंत उडाले. तो डाग आजही माझ्या मनगटावर आहे. म्हणून सांगतो, साच्यावर हात धरवणार नाही इतका तो ऊन असल्यावाचून मूस उचलू नये. ओतताना ज्योत मुशीच्या तोंडावर राखून, न थबकता, एका धारेत चांदी सोडावी. तोळ्याची कांडी सुमारे पावणेपाच सेंटिमीटर लांब, सहा मिलिमीटर रुंद आणि चार मिलिमीटर जाड भरते. तिची लाली मावळली की पाण्यात सोडावी, कडा निरखाव्या, आणि कोठे केसाएवढी जरी चीर दिसली तरी ती कानशीने काढून टाकावी किंवा कांडी पुन्हा आटवावी. हातोडीने चीर मिटत नाही, वाढते.

यानंतर घडणीला आरंभ होतो. चांदी थंड असतानाच ठोकायची असते. उदगीरपासून जवळच असलेल्या बीदरचे कारागीर जस्त-तांब्याच्या काळ्या भांड्यावर खोदलेल्या रेषांत चांदीची तार नुसत्या ठोक्यांनी बसवतात, इतका हा धातू आज्ञाधारक आहे. परंतु ठोके खाऊन तो ताठर होतो, आणि मग त्याला विसावा द्यावा लागतो. हातोडीचा आवाज मऊ असतो तो खणखणीत होऊ लागला आणि पट्टी मागे उसळी देऊ लागली, की तिला ताव द्यावा, म्हणजे विझत्या निखाऱ्यासारखा अंधुक तांबूस रंग येईपर्यंत सारखी तापवावी आणि लाली गेल्यावर पाण्यात विझवावी. चार मिलिमीटरची कांडी दीड मिलिमीटरपर्यंत आणताना शिकाऊ हाताला असे चार-पाच ताव द्यावे लागतात. प्रत्येक तावानंतर पृष्ठभाग काळवंडतो. चिंचेच्या कोळात किंवा तुरटीच्या पाण्यात उकळल्याने तो स्वच्छ होतो. मात्र या पाण्यात लोखंडी चिमटा घालू नये, नाहीतर चांदीवर तांब्याची लाल झाक चढते. बांबूचा चिमटा घ्यावा.

आता मापाचा प्रश्न. पंढरपूरच्या नरहरी सोनारांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे: कट्टर शिवभक्त असल्यामुळे डोळे बांधून त्यांनी विठ्ठलाच्या कमरेचे माप घेतले आणि करगोटा कधी आखूड, कधी लांब भरत राहिला. त्या कथेचा आशय हरिहरांच्या ऐक्याचा आहे, पण कारागिराने तिच्यातून एवढा धडा अवश्य घ्यावा की, डोळे उघडे ठेवून घेतलेले मापच खरे. बोट सकाळी थंडीत बारीक असते, दुपारी आणि उन्हाळ्यात फुगते. म्हणून माप संध्याकाळी घ्यावे, आणि पेर जाड असल्यास पेराचे घ्यावे. कागदाची अरुंद पट्टी गुंडाळून आतला व्यास काढावा, त्यात पट्टीची जाडी मिळवावी आणि येणाऱ्या बेरजेला ३.१४ ने गुणावे. आतला व्यास १८ मिलिमीटर आणि जाडी दीड मिलिमीटर असेल, तर १९.५ गुणिले ३.१४, म्हणजे ६१.२ मिलिमीटर लांबी झाली. सांधा घासण्यासाठी अर्धा मिलिमीटर जास्त ठेवावा. जाडी मिळवण्यास विसरणे ही शिकणाऱ्यांची नेहमीची चूक आहे, आणि तिच्यामुळे अंगठी बोटात शिरत नाही. चार मिलिमीटर रुंदीची अशी अंगठी पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरते. उरलेली चांदी दुसऱ्या अंगठीला येते.

पट्टी ताव देऊन मऊ करावी, कांबेवर मोगरीने वळवावी आणि दोन्ही टोके अशी घासावी की, उजेडासमोर धरल्यावर सांध्यातून प्रकाशाची रेघ दिसू नये. डाख हा फट बुजविण्यासाठी नसून भिडलेली टोके एकजीव करण्यासाठी असतो. चांदी, तांबे आणि जस्त यांचा डाख घ्यावा. कॅडमियमचा, ज्याला बाजारात केडीएम म्हणतात, तो घरात आणू नये, कारण त्याचा धूर फुप्फुसांना घातक आहे. टाकणखार दगडावर पाण्यात उगाळून सांध्याला लावावा, आतल्या बाजूने डाखाचा तिळाएवढा कण ठेवावा, आणि ज्योत केवळ सांध्यावर न रोखता सगळ्या अंगठीभोवती फिरवावी. अंगठी सर्वत्र सारखी तापली, की तो कण अचानक चकाकतो आणि सांध्यात धावून नाहीसा होतो. त्या क्षणी ज्योत काढावी. पळभर उशीर झाला तर अंगठीच बसते.

मग चिंचेच्या पाण्यातून काढून ती कांबेवर पुन्हा मोगरीने गोल करावी, कडा कानशीने मारून बोटाला मऊ कराव्या, बारीक होत जाणाऱ्या पॉलिश कागदाने ओरखडे घालवावे, आणि शेवटी रिठ्याच्या पाण्यात पितळी कुंचल्याने घासून अकीकाच्या ओपणीने ओप द्यावा. हातोडीच्या खुणा थोड्या राहिल्या तर राहू द्याव्या. त्या हाताच्या साक्षी आहेत. पुढे अंगठी विकण्याचा विचार असेल, तर हॉलमार्क करवून घेतल्यावाचून तिला ९२५ ची म्हणू नये, आणि हाली कसाची असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

हे सर्व झाल्यावर वही पुन्हा उघडावी. अंगठीचे वजन, उरलेले तुकडे, आणि कामाखाली पसरलेल्या कागदावर जमलेला कानशीचा चुरा, या सर्वांची बेरीज आरंभीच्या वजनाशी ताडून पाहावी. चुरा फेकू नये. सराफ्यातला केर धुऊन त्यातले सोनेचांदीचे कण वेचणारे झारेकरी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगले, हे आठवावे. हिशेबात थोडी घट येईलच. ती मोठी असेल तर चूक कोठे झाली हे वहीवरूनच उमगेल. आणि शेवटच्या ओळीत लिहावे: अमुक तारखेस, आजीच्या एका जोडव्याची व धाकट्याच्या वाळ्याची चांदी आटवून ही अंगठी केली, वजन इतके. दुकानाच्या काट्यावर ही नावे पुसली जातात. ज्या घरात ती लिहून ठेवली जातील, त्या घरातल्या पुढच्या माणसाला बोटातल्या अंगठीची चांदी कोणाची, हे विचारावे लागणार नाही. म्हणून वाचकहो, मूस विकत घेण्यापूर्वी वही विकत घ्या.